क्षणिक प्रकाशाचे मोजमाप : ‘प्रभावी तीव्रता’ या संकल्पनेचा इतिहास

दीपगृहातील दिवा स्थिर असेतोवर त्याची तीव्रता किती, या प्रश्नाचे उत्तर प्रकाशमापक देतो. दिवा फिरू लागला की तो प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा राहत नाही. झळकेच्या ऐन मध्यावर मोजलेली तीव्रता एक लक्ष कँडेला भरली, तरी ती झळक एक-दशांश सेकंदच टिकत असेल तर दूरवरच्या खलाशाला ती एक लक्ष कँडेलाच्या स्थिर दिव्यासारखी दिसत नाही. मग ती कितीच्या तोडीची मानावयाची? जो स्थिर दिवा त्याच अंतरावरून आणि त्याच हवेत तितकाच जेमतेम दिसतो, त्याची तीव्रता ही त्या झळकेची ‘प्रभावी तीव्रता’ होय. व्याख्या साधी आहे. परंतु तिच्यात उपकरणाची जागा मानवी डोळ्याने घेतली आहे, आणि या अदलाबदलीचा हिशेब जुळविण्यात सव्वाशे वर्षे गेली.

हेच विशेषण विद्युत्‌शास्त्रातही रूढ आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाइतकीच उष्णता निर्माण करणारा स्थिर प्रवाह तो त्याचा प्रभावी प्रवाह. ज्यावक्री प्रवाहात तो शिखरमूल्याच्या सुमारे ०·७०७ पट येतो. तेथे निवाडा उष्णतेकडे असल्यामुळे वादास जागा उरत नाही. प्रकाशाच्या बाबतीत निवाडा करणारे इंद्रिय स्वतःच काळाच्या अधीन आहे, आणि अडचण नेमकी तेथे आहे.

इंद्रियाच्या या काळाधीनतेची पहिली गणिती मांडणी टॅलबट (१८३४) आणि प्लातो (१८३५) यांनी केली : पुरेशा वेगाने लुकलुकणारा प्रकाश डोळ्यास त्याच्या सरासरीएवढ्या स्थिर प्रकाशासारखा भासतो. एकट्या, सुट्या झळकेविषयी मात्र हा नियम मूक आहे. त्या बाबतीतील प्रेरणा प्रकाशरसायनातून आली. प्रकाशाची रासायनिक क्रिया तीव्रता व काल यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे बुन्सेन व रॉस्को यांनी १८६२ मध्ये प्रतिपादिले. ब्लॉकने १८८५ मध्ये हाच गुणाकार डोळ्यास लावला : अल्पकालिक झळक जेमतेम दिसण्यास लागणारी तीव्रता तिच्या कालावधीच्या व्यस्त प्रमाणात असते. सुमारे एक-दशांश सेकंदापर्यंत हे ठीक जुळते. पुढे जुळत नाही, कारण डोळा प्रकाश अनिश्चित काळ साठवीत नाही. छायाचित्रणाच्या काचेवरही हा गुणाकार शेवटपर्यंत टिकला नाही. मंद तारे टिपताना श्वार्त्सशिल्डला १९०० च्या सुमारास असे आढळले की, कालाला पूर्ण घात न देता सुमारे ०·८६ हा घात द्यावा लागतो. तथापि काच मंदावते, तरी साठवीत राहते, डोळा विसरतो. हा भेद ध्यानात न घेता एका शास्त्रातील नियम दुसऱ्यात उचलून नेणे सोपे असते.

डोळ्याचे हे विसरणे गणितात आणण्याचा मान फ्रेंच दीपगृह-सेवेतील अभियंता एमिल आलार याच्याकडे जातो. १८७६ च्या आपल्या प्रबंधात त्याने असे गृहीत धरले की, संवेदनेच्या वाढीचा वेग हा प्रत्यक्ष प्रकाश आणि त्या क्षणीची संवेदना यांच्यातील अंतराच्या प्रमाणात असतो. या अवकल समीकरणातून एकसमान झळकेची प्रभावी तीव्रता घातांकी वक्राने वाढत जाऊन अखेर पूर्ण तीव्रतेस टेकते. त्यामागे प्रयोगांचे पाठबळ तोकडे होते व पुढे बराच काळ ते दुर्लक्षित राहिले.

दरम्यान व्यवहार सिद्धांताच्या पुढे धावला. १८९० नंतरच्या दशकात बूर्देल याने प्रचंड भिंगे पाऱ्यावर तरंगत ठेवून ती वेगाने फिरविण्याची पद्धत आणली व झळक एक-दशांश सेकंदापर्यंत आखूड केली. तेवढ्या अवधीत डोळ्यास पूर्ण संवेदना होते, हा त्या योजनेचा आधार होता. तो खरा असता तर लाभ मोठा होता, कारण तोच प्रकाश अरुंद शलाकेत एकवटून शिखर-तीव्रता कितीतरी वाढविता आली असती. तो खोटा असेल तर मात्र छापील यादीतील पल्ला आणि खलाशास प्रत्यक्ष दिसणारा पल्ला यांत तफावत पडणार होती, आणि ती तफावत काळोख्या रात्री खडकाजवळ उघडकीस येणार होती.

त्याच सेवेतील आंद्रे ब्लाँदेल (१८६३–१९३८) आणि दीपगृहांची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यातील अभियंता झाँ रे यांनी १९११ मध्ये या आधाराची परीक्षा घेतली. ब्लाँदेल हा प्रत्यावर्ती प्रवाहाचे तरंग टिपणाऱ्या दोलनलेखकाचा जनक. क्षणाक्षणास बदलणारी राशी कशी हाताळावी, याचा त्याच्याइतका सराव थोड्यांनाच होता. बिंदुवत् प्रकाश अंधारात जेमतेम दिसेल इतका मंद करून वेगवेगळ्या कालावधींच्या झळका निरीक्षकांना दाखविल्यावर निष्कर्ष असा निघाला : प्रभावी तीव्रता मिळविण्यासाठी खऱ्या तीव्रतेस झळकेच्या कालाने गुणावे आणि काल अधिक ०·२१ सेकंद या बेरजेने भागावे. हा स्थिरांक पुढे व्यवहारात ०·२ धरला गेला. त्यानुसार एक लक्ष कँडेलाची एक-दशांश सेकंदाची झळक ३३,३०० कँडेलाच्या आसपास येते. म्हणजे पूर्ण संवेदना तर दूरच, केवळ एक-तृतीयांश. एक पूर्ण सेकंदाची झळकही ८३ टक्क्यांवरच राहते. आलारच्या घातांकी वक्राने, तोच स्थिरांक घेतला तर, ती ९९ टक्क्यांवर पोहोचली असती.

या निष्कर्षाचे खरे नातेवाईक शरीरक्रियाविज्ञानात सापडतात. मज्जातंतू उत्तेजित करण्यास लागणारा विद्युत्‌भार कालाबरोबर सरळ रेषेत वाढतो, हे झॉर्झ वाइस याने १९०१ मध्ये दाखविले होते. ब्लाँदेल–रे नियमात भाराच्या जागी प्रकाश व काल यांचा गुणाकार ठेवला की तीच रेषा मिळते. १९०९ मध्ये लापिक याने किमान उत्तेजक प्रवाहास ‘र्‍हिओबेस’ आणि त्याच्या दुप्पट प्रवाहास लागणाऱ्या कालास ‘क्रोनॅक्सी’ ही नावे दिली. त्या परिभाषेत ०·२१ सेकंद ही संवेदनसीमेवरील डोळ्याची क्रोनॅक्सीच ठरते. मज्जातंतूंच्या बाबतीत हाच आकडा सेकंदाच्या हजारांशांत किंवा त्याहून खाली असतो. अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, लापिकने १९०७ मध्ये गळक्या संधारित्राच्या प्रतिमानावरून जो वक्र सुचविला तो घातांकी होता, म्हणजे आलारचाच. अपास्त की घातांकी, हा एकच वाद दोन शास्त्रांत स्वतंत्रपणे उभा राहिला. दोहोंचा उगम एकाच प्रश्नात आहे : साठवण आणि गळती ज्यात एकत्र चालतात, त्या व्यवस्थेवर अल्पकालिक आघाताचा परिणाम किती?

नियमाची मर्यादा त्याच्या जन्मापासून स्पष्ट होती, ती म्हणजे संवेदनसीमा. ब्रोका व स्युल्झर यांनी १९०२ मध्येच दाखविले होते की, तेजस्वी झळक काही कालावधींत स्थिर प्रकाशाहूनही अधिक उजळ भासते. दिवा जवळ येऊन उजळ दिसू लागला की स्थिरांक घटतो, हे टूलमिन-स्मिथ व ग्रीन यांच्या १९३३ च्या निरीक्षणांतूनही दिसले. त्यामुळे ०·२ हा डोळ्याचा अचल गुणधर्म नसून दूरच्या, मंद दिव्यापुरता केलेला करार आहे. पाठ्यपुस्तके हे क्वचितच सांगतात.

खऱ्या झळका एकसमान नसतात, त्या चढतात व उतरतात. त्यांचा आरंभ व शेवट कोठे धरावा, हा प्रश्न अमेरिकेतील डग्लस याने १९५७ मध्ये सोडविला. क्षणिक तीव्रता जेथे प्रभावी तीव्रतेइतकी होते त्या दोन क्षणांच्या दरम्यान समाकल घेतल्यास भागाकार महत्तम येतो. ही पद्धत विमानांच्या टक्करनिवारक दिव्यांसाठी अमेरिकी विमानवाहतूक-नियमांत स्थिरांक ०·२ सह समाविष्ट झाली; मोठ्या विमानांच्या दिव्यांना क्षितिजालगतच्या ५ अंशांत किमान ४०० प्रभावी कँडेला लागतात. श्मिट-क्लाउसेन याने १९६८ मध्ये झळकेच्या आकारावर आधारलेली पर्यायी रीत मांडली.

प्रकाश-उत्सर्जक डायोड आल्यावर दिवे एका झळकेऐवजी सूक्ष्म झळकांची माळ देऊ लागले, आणि डग्लसची रीत तेथे डळमळली : माळ ही एक झळक की अनेक? २००२ मध्ये ओनो व कूझिन यांनी आलारकडे पुन्हा वळून त्याच्या पद्धतीतील घातांकी स्मरणफलन बदलले, आणि एकसमान झळकेस अचूक ब्लाँदेल–रे मूल्य देईल असे फलन तेथे बसविले. माळेचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला, कारण या पद्धतीत झळकेच्या सीमा ठरवाव्याच लागत नाहीत. आंतरराष्ट्रीय दीपगृह-संघटनेने २००८ च्या शिफारशीत ही ‘सुधारित आलार’ पद्धत स्वीकारली; तिच्यातील स्थिरांक अद्यापि ०·२ सेकंदच आहे.