इंटरनेटची बाराखडी खानदेशात कशी आली

कोणतीही नवी विद्या आधी शहरात येते, मग पुरुषांत पसरते आणि सर्वांत शेवटी माजघरात पोचते. लिहिण्यावाचण्याचे असेच झाले. १८४८ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पण आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या, तोवर त्यांना अक्षरओळख झालेली नव्हती. मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने त्यांची गाणी उतरून घेतली म्हणून ती आज आपल्याला मिळाली. शहाणपण बाईचे, पण लेखणी दुसऱ्याच्या हाती! इंटरनेटचा इतिहास पाहिला की हीच गोष्ट पुन्हा घडलेली दिसते.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगमने ते आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास अशा मोठ्या शहरांत दिले. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, नंबर फिरवायचा आणि किरकिर, खरखर असा आवाज ऐकत वाट पाहायची. ते चालू असेपर्यंत घरचा फोन अडलेला. ज्या गावी सोय नव्हती तेथून एस.टी.डी. करून मोठ्या शहराचा नंबर लावावा लागे. हा खर्च सामान्य घराला कोठून झेपणार? १९९८ साली खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि जळगाव-धुळ्यासारख्या गावांतही हळूहळू सायबर कॅफे निघाले. प्लायवूडचे आडोसे, तासाचा दर आणि दहावी-बारावीच्या निकालाला मुलांची गर्दी. त्या गर्दीत बायका क्वचितच असत.

मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. यंत्राच्या पोटात काय चालते ते मला सांगता यायचे नाही. पण नवशिक्याला काय जड जाते ते सांगता येईल. पहिली अडचण हाताची. माऊस टेबलावर फिरवायचा आणि नजर पडद्यावर ठेवायची! विंडोजमध्ये १९९० पासून पत्त्यांचा एक खेळ असे. पान धरून दुसऱ्या पानावर नेता नेता हाताला आपोआप वळण लागे. दुसरी अडचण शब्दांची. ई-मेल म्हणजे पत्र, फोल्डर म्हणजे कागदांची पेटी, पासवर्ड म्हणजे पेटीची किल्ली, असे घरातल्या वस्तूंवरून सांगितले की चटकन उमगते. तिसरी अडचण भीतीची. 'बिघडले तर?' ह्या एका धास्तीने कित्येकींनी यंत्राला बोटच लावले नाही.

चौथी अडचण भाषेची, आणि ती सर्वांत मोठी. पडद्यावर सारे इंग्रजी. मराठी लिहावे तर प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की नुसत्या रेघोट्या दिसत. पुढे युनिकोड रूढ झाले तेव्हा हा घोळ मिटला. ह्याच काळात, २००१ साली, महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एम.एस.सी.आय.टी. अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. मराठीतून शिकण्याची सोय झाली. सरकारी नोकरीला ही परीक्षा लागू लागली म्हणून मुलीही वर्गात जाऊ लागल्या. ज्यांना नोकरी करायची नव्हती त्या मात्र बाहेरच राहिल्या.

नुसते यंत्र आणून भागत नाही, ह्याचा दाखला कोल्हापूरकडील वारणानगरचा आहे. १९९८ साली तेथील सत्तर गावे संगणकाने जोडण्याची मोठी योजना निघाली. उसाचे वजन, बिले हे काम तेथे झाले. परंतु संगणकावर बसे तो चालक, आणि शेतकरी खिडकीपाशी उभा. पुढे २००६ च्या सुमारास तीच माहिती मोबाईलच्या संदेशाने देण्याचा प्रयोग झाला आणि तो लोकांना सोयीचा वाटला. साधन शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती होते, हे त्यामागचे कारण मला महत्त्वाचे वाटते.

२०१६ साली मोबाईलचा डेटा एकदम स्वस्त झाला आणि इंटरनेट आपल्या ओट्यापाशी आले. त्याच सुमारास गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकरवी इतर बायकांना शिकवण्याचा 'इंटरनेट साथी' हा उपक्रम टाटा ट्रस्ट व गूगल यांनी २०१५ पासून चालवला. बाईने बाईला शिकवावे, ही त्यातली खरी गोष्ट.

एवढे होऊनही आज काय दिसते? २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, तेव्हा अंगणवाडीत आणि सेतू केंद्रांत बायकांच्या रांगा लागल्या. नाव आपले, खाते आपले, पैसा आपला. पण फोन मुलाच्या हाती आणि आलेला ओ.टी.पी. कोणा अनोळखी माणसाला सांगायचा! पेटी आपली आणि किल्ली परक्याकडे. बँकेतून पैसे गेल्याच्या बातम्या आपण रोज वाचतो, त्यातल्या बऱ्याच ह्याच वाटेने जातात.

म्हणून भगिनींनो, माझी एक सूचना आहे. मंडळाने आठवड्यातली एक दुपार ह्यासाठी राखावी. ज्या सुना-लेकींना येते त्यांनी शिकवावे. शिकवणारीने फोन आपल्या हाती मुळीच घेऊ नये. शिकणारीचेच बोट फिरू द्यावे, मग कितीही वेळ लागो. पहिल्या दुपारी आपले नाव मराठीत लिहिणे, दुसऱ्या दुपारी खात्यातली शिल्लक पाहणे, तिसऱ्या दुपारी कोणाला काय सांगू नये ते शिकणे. पापडाचे पीठ मळायला जसे आपण एकमेकींच्या घरी जातो, तसेच हेही काम आहे. पुढल्या वर्धापनदिनापर्यंत आपल्यातली एकही जण आपल्या फोनसाठी दुसऱ्याचे तोंड पाहणारी राहू नये, एवढेच मागणे.