चांदणी चौक : छायाचित्रांतील एक रस्ता

दिल्लीच्या चांदणी चौकाची विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घेतलेली छायाचित्रे ग्रंथालयांच्या संग्रहांत, जुन्या अल्बमांत आणि रंगविलेल्या चित्रकार्डांच्या रूपाने विपुल आढळतात. ती शेजारी शेजारी मांडून पाहिली तर प्रथम जाणवतो तो त्यांचा एकसारखेपणा. कॅमेरा बहुधा रस्त्याच्या मधोमध किंवा एखाद्या गच्चीवर ठेवलेला असतो, आणि त्याचे तोंड घड्याळाच्या मनोऱ्याकडे असते. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक्के, टांगे, बैलगाड्या. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पुढे आलेल्या झडपा. मधल्या उंचवट्यावर झाडांची रांग. आणि १९०८ नंतरच्या चित्रांत ट्रामचे रूळ व डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा. चित्रकार्डांखालील इंग्रजी मजकुरात अनेकदा या रस्त्याला ‘सिल्व्हर स्ट्रीट’ असे दुसरे नाव दिलेले असते. चांदणे आणि चांदी यांतील फरक मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु लंडनला कार्ड धाडणाऱ्या प्रवाशाला तो कोणी सांगितला नव्हता. जवळच दरीब्यात जवाहिऱ्यांची आणि चांदीकामाची दुकाने असल्यामुळे ही चूक त्याला खरीही वाटली असावी.

नावाचा उगम वेगळा आहे. शाहजहानने आपली नवी राजधानी वसविली तेव्हा त्याची कन्या जहाँआरा बेगम हिने १६५० च्या सुमारास किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा बाजार आखला. मधून पाण्याचा कालवा वाहत होता. वाटेत एका ठिकाणी रस्ता रुंदावून अष्टकोनी चौक झाला होता आणि त्यात जलाशय होता. चांदण्या रात्री चंद्रबिंब त्या पाण्यात पडे, म्हणून तो चांदणी चौक. नाव होते ते एवढ्या जागेचे. किल्ल्याकडील भाग उर्दू बाजार, कोतवालीपलीकडचा जौहरी बाजार, शेवटचा फतेहपुरी बाजार अशी बाकीच्या तुकड्यांची निरनिराळी नावे होती. चौकाच्या उत्तरेस बेगमेने सराई आणि बाग करविली होती. पुढे एका चौकाचे नाव सबंध रस्त्याने घेतले, आणि ज्या चौकाने ते दिले तो चौकच नाहीसा झाला.

छायाचित्रांतील मनोरा नेमका त्या नाहीशा झालेल्या चौकाच्या जागी उभा आहे. हे लक्षात घेतले म्हणजे ही निरुपद्रवी दिसणारी कार्डे निराळी वाचावी लागतात.

सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि शहराचे रहिवासी बाहेर घालविले. हिंदूंना आधी आणि मुसलमानांना बऱ्याच उशिरा परतण्याची मुभा मिळाली. कोतवालीसमोर, याच रस्त्यावर, फाशीचे खांब उभे होते. किल्ल्याभोवतीची वस्ती तोफांच्या माऱ्याला मैदान हवे म्हणून पाडण्यात आली. फतेहपुरी मशीद लिलावात निघाली. ती लाला चुन्नामल या धनिक व्यापाऱ्याने १९,००० रुपयांना घेतली, आणि १८७७ च्या दरबाराच्या सुमारास सरकारने ती मुसलमानांना परत दिली. चुन्नामलची प्रशस्त हवेली याच रस्त्यावर आहे. जहाँआरेची सराई पाडली गेली आणि तिच्या जागी १८६० नंतरच्या काही वर्षांत नगरभवन उठले. बेगमेच्या बागेला राणीचे नाव मिळाले. नगरभवनासमोर, रस्त्याच्या मध्यावर, १८७० च्या सुमारास घड्याळाचा मनोरा पुरा झाला. मोगल आखणीत किल्ल्याकडून निघालेली नजर फतेहपुरीच्या घुमटापर्यंत पोचत असे; आता ती मध्येच मनोऱ्यापाशी अडू लागली. छायाचित्रकाराला मात्र त्यामुळे रचनेसाठी एक आयता मध्यबिंदू मिळाला. पन्नास वर्षे जवळजवळ प्रत्येक जण तोच घेत राहिला.

दिल्लीची अगदी आरंभीची छायाचित्रे १८५८ मधील आहेत. फेलीचे बेआतो या छायाचित्रकाराने उद्ध्वस्त वास्तू, ढासळलेले तट आणि निर्मनुष्य जागा टिपल्या. त्या काळच्या काचपट्टीला प्रकाश घेण्यास काही सेकंद लागत. हलणारे माणूस तिच्यावर उमटतच नसे, किंवा धुरकट छायेसारखे उमटे. त्यामुळे त्या काळच्या चित्रांतील रितेपणाला तंत्राचे कारण असतेच. परंतु १८५८ च्या दिल्लीत रस्ते खरोखरच रिकामे होते. तंत्राने केलेला रितेपणा आणि सत्तेने केलेला रितेपणा एकाच काचेवर इतके बेमालूम मिसळले आहेत की केवळ चित्रावरून ते वेगळे करता येत नाहीत. तेथे गालिबच्या ‘दस्तंबू’सारखे लिखित साक्षीदारच हवेत. छायाचित्राला निःपक्षपाती पुरावा मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

१९०० नंतर स्थिती पालटलेली दिसते. कोरड्या काचपट्ट्या आल्या, क्षणाच्या अंशात चित्र घेता येऊ लागले, आणि माणसे चित्रात शिरली. ही माणसे कोणी बोलावलेली नव्हती. चित्रकाराला हवा होता मनोरा. पखालवाला, हातगाडी ओढणारा हमाल, पागोटे सावरीत कॅमेऱ्याकडे वळून पाहणारा दुकानदार हे सारे ओघाने आले. मला स्वतःला या चित्रांचे खरे मोल येथे वाटते. स्त्रिया जवळजवळ दिसत नाहीत. दिसल्याच तर बुरख्यात किंवा पदराआड. एका स्त्रीने आखलेल्या रस्त्यावर ही अनुपस्थिती डोळ्यांत भरते. पण तिच्यावरून दिल्लीच्या स्त्रीजीवनाविषयी फार मोठे निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, कारण घरांच्या आतील चौक आणि गल्ल्या कॅमेऱ्याच्या वाट्याला आल्याच नाहीत. किल्ल्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याच्या मागे आणखीही बरेच काही राहून जाते. अप्पा गंगाधर या मराठा सरदाराने १७६१ मध्ये बांधल्याचे सांगितले जाणारे गौरीशंकराचे देऊळ हे त्यांपैकीच एक.

ही सारी चित्रे युरोपीयांनी घेतली असा समज असेल तर तो सोडून द्यावा लागेल. दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्स या पेढीने शहराची चित्रकार्डे काढली. मक्का आणि मदिनेची त्यांची छायाचित्रेही प्रसिद्ध आहेत. १९०३ च्या दरबारासाठी राजा दीनदयाळ आपला सरंजाम घेऊन दिल्लीत होते. मुंबईच्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, कर्झनच्या त्याच दरबाराचे चलच्चित्रण केले, आणि मराठी माणसाच्या चित्रपटाच्या इतिहासात दिल्लीचे नाव अगदी पहिल्या पानावर आले. हात देशी असले तरी चौकट मात्र बहुधा तीच राहिली. गिऱ्हाईक जे मागेल ते पेढी देणार, यात नवल नाही.

मिरवणुका हा या रस्त्याच्या छायाचित्रांतील स्वतंत्र वर्ग आहे. डिसेंबर १९०२ च्या अखेरीस कर्झनची हत्तींची मिरवणूक जामा मशिदीवरून चांदणी चौकात आली तेव्हा सज्जे आणि गच्च्या प्रेक्षकांनी फुलल्या होत्या. ७ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज याच मार्गाने गेला. तो हत्तीवर नव्हता, साध्या घोड्यावर होता, आणि जमलेल्या लोकांतील पुष्कळांना आपल्यासमोरून सम्राट गेला हे कळलेच नाही. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९१२ ला, नव्या राजधानीत समारंभपूर्वक प्रवेश करणाऱ्या व्हाइसरॉय हार्डिंग्जवर चांदणी चौकात बाँब पडला. हार्डिंग्ज जबर जखमी झाला आणि त्याच्यावर छत्र धरणारा सेवक ठार झाला. बाँब कोणी आणि नेमका कोठून टाकला याविषयीच्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. कटाचे सूत्रधार रासबिहारी बोस निसटून १९१५ मध्ये जपानला पोचले. मास्टर अमीरचंद, अवधबिहारी, भाई बालमुकुंद आणि बसंतकुमार बिस्वास यांना त्याच वर्षी फाशी झाली. या घटनेनंतर तीच जुनी छायाचित्रे पाहताना नजर मिरवणुकीवर ठरत नाही. ती वर जाते. प्रेक्षकांनी भरलेला प्रत्येक सज्जा आता निराळा दिसू लागतो.

३० मार्च १९१९ रोजी मनोऱ्याचा अर्थ पुन्हा बदलला. रौलेट कायद्याविरुद्धचा हरताळ देशभर ६ एप्रिलला व्हायचा होता. दिल्लीने तो आधी ठरलेल्या दिवशीच पाळला. रेल्वे स्थानकाजवळ आणि नगरभवनाच्या परिसरात गोळीबार झाला, माणसे पडली. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ गुरखा शिपायांच्या रोखलेल्या बंदुकांपुढे स्वामी श्रद्धानंद छाती पुढे करून उभे राहिले. ४ एप्रिलला याच संन्याशाने जामा मशिदीत मुसलमानांच्या समुदायापुढे भाषण केले. नगरभवनाची शोभा म्हणून उभारलेली वास्तू सभांचे आणि मोर्चांचे ठिकाण झाली. दिल्लीकर तिला ‘घंटाघर’ म्हणत. चित्रकार्डांवर ती पूर्वीसारखीच निवांत उभी असे. दुकानांतून ती कार्डे तशीच विकली जात होती.

ट्राम १९६३ मध्ये बंद झाली. मनोऱ्याचा वरचा भाग त्याआधीच, १९५१ मध्ये, कोसळला. काही माणसे दगावली, आणि पुढे राहिलेले बांधकामही उतरविण्यात आले. नगरभवनासमोरचा व्हिक्टोरिया राणीचा पुतळा हलविला गेला; तेथे आज श्रद्धानंदांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये हा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता नव्याने फरसबंद करून दिवसभर मोटारींना बंद करण्यात आला. मनोरा गेल्यावर सत्तरेक वर्षे झाली तरी जुन्या दिल्लीच्या बोलण्यात ती जागा अजून घंटाघरच आहे.