शृंगेरीची लूट आणि तीन कपाटे

इतिहासाची पुस्तके आपण बहुधा तीन कपाटांत लावतो. एकात प्रांताचा इतिहास, दुसऱ्यात देशाचा, तिसऱ्यात धर्माचा. ग्रंथालयाच्या सोयीसाठी हे ठीक आहे. पण घडलेली गोष्ट कपाट पाहून घडत नाही. एकेका कपाटापुढे उभे राहून वाचणारा माणूस किती अर्धवट शहाणा होतो, हे मला शृंगेरीच्या लुटीने शिकवले. हा प्रसंग १७९१ सालचा आहे.

आधी पार्श्वभूमी. १७९० मध्ये इंग्रज, निजाम आणि पेशवे यांनी टिपूविरुद्ध एकत्र येण्याचा तह केला. मराठ्यांकडून कर्नाटकात उतरले परशुरामभाऊ पटवर्धन. टिपूशी त्यांचे वैर केवळ दरबारी नव्हते. पटवर्धनांचे सोयरे असलेल्या भाव्यांचे नरगुंद टिपूने १७८५ मध्ये बुडवले होते. भाऊंनी धारवाडचा किल्ला कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर १७९१च्या एप्रिलमध्ये घेतला आणि फौज तुंगभद्रा ओलांडून दक्षिणेकडे सरकली. या मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी आणि लमाणांनी शृंगेरीचा मठ लुटला. आद्य शंकराचार्यांच्या परंपरेतले ते पीठ. शारदेची मूर्ती हलली, माणसे मारली गेली आणि स्वामी सच्चिदानंद भारती यांना मठ सोडून कारकळला जावे लागले.

ही हकीकत मी प्रथम वाचली ती तिसऱ्या कपाटातल्या एका पुस्तकात. तिथे मराठे ओझरते येऊन जातात. मुख्य गोष्ट आहे ती टिपूच्या पत्रांची. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना शृंगेरीच्या दप्तरात टिपूने स्वामींना लिहिलेली वीसहून अधिक कानडी पत्रे मिळाली. लुटीची बातमी कळताच टिपूने संताप व्यक्त केला आणि बिदनूरच्या आपल्या अधिकाऱ्याला शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी २०० राहती रोख व तितक्याच किमतीचे धान्य देण्याचा हुकूम दिला. पुढे त्याने आपल्या शत्रूंच्या नाशासाठी शतचंडी व सहस्रचंडी करण्याची विनंतीही केली. त्या शत्रूंत पेशवे होते, हे विसरून चालणार नाही. म्हणजे पुण्याच्या फौजेविरुद्ध शृंगेरीत अनुष्ठान, आणि त्याचा खर्च श्रीरंगपट्टणचा.

एवढेच वाचून थांबलो असतो, तर टिपू उदार आणि मराठे धर्मबुडवे असा निकाल देऊन मोकळा झालो असतो. असे निकाल आज रोज दिले जातात.

दुसऱ्या कपाटाकडे वळलो. मार्क विल्क्स यांचा दक्षिण हिंदुस्थानाचा इतिहास १८१० ते १८१७ मध्ये तीन खंडांत निघाला. विल्यम कर्कपॅट्रिक यांनी टिपूची निवडक पत्रे १८११ मध्ये इंग्रजीत आणली. कोडगू आणि मलबारमधली सक्तीची धर्मांतरे या पुस्तकांत ठळकपणे दिसतात, आणि ती खोटी म्हणून झटकता येत नाहीत. पण ही पुस्तके लिहिणारे कंपनीचे अधिकारी होते आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे दप्तर त्यांच्याच हाती गेले होते. कोणती पत्रे निवडायची हे विजेत्याने ठरवले. शृंगेरीची पत्रे मठात पडून होती, ती या निवडीत यायचे कारणच नव्हते. पत्रे खरी असली तरी निवड पक्षपाती असू शकते, हे मी इथे शिकलो.

राहिले पहिले कपाट, आपले घरचे. मिरजेच्या शाळेत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धनी दप्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतली. १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हेच काम करत राहिले. पटवर्धनांच्या आश्रयाच्या गावात बसून, पटवर्धनांच्याच कागदांतून हे खंड तयार झाले. शृंगेरीची लूट त्यात दडपलेली असेल, अशी माझी अटकळ होती. ती साफ चुकली. लूट तिथे आहे, आणि झाले ते वाईट झाले ही मराठी कारभाऱ्यांची हळहळही आहे. शास्त्रीबोवांनी ती गाळली नाही. मराठ्यांचा अभिमान त्यांना कमी नव्हता. कागदाशी प्रामाणिक राहणे हाही त्या अभिमानाचाच भाग त्यांनी मानला असावा.

आता तिन्ही कपाटे एकत्र ठेवू. पेंढाऱ्याला पगार नसे, लूट हेच त्याचे वेतन. मठात संपत्ती होती आणि मठ शत्रूच्या मुलखात होता. सरदार ब्राह्मण, मठ शंकराचार्यांचा, तरी फौजेच्या अर्थव्यवस्थेने धर्माला जुमानले नाही. टिपूच्या बाजूनेही तसेच. आपल्या राज्यातल्या मान्यवर मठाला सांभाळणे हे राजाचे काम होते, आणि तीन शत्रू अंगावर आलेले असताना प्रजेचा आशीर्वाद त्याला हवाही होता. म्हणून त्याची भक्ती ढोंग होती असे म्हणवत नाही. मलबार पुसून टाकण्याइतकी ती मोठी होती असेही म्हणवत नाही. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत.

इतिहास वाचू लागलेले तरुण मला पुस्तकांची यादी मागतात. यादीपेक्षा मी त्यांना तीन प्रश्न देतो. हा कागद कोणाच्या घरात सापडला? तो कोणी निवडला, आणि कधी? समोरच्या पक्षाच्या घरातला कागद छापला गेला आहे का? प्रांताचे पुस्तक वाचताना शेजारच्या प्रांताचे उघडावे, धर्माचे वाचताना फौजेच्या खर्चाचे. शक्य असेल तर दोन भाषा शिकाव्यात. मराठी आणि कानडी यांच्यामध्ये एक नदीच तर आहे.

खऱ्यांचे खंड आज सहज मिळत नाहीत. मी वाचले त्या प्रतीची पाने उलटताना कोपरे तुटून हातात येत होते. काही फॉर्म तर कोणी फोडलेलेही नव्हते. शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाने आपल्याच लोकांची चूक छापून ठेवली आणि तिच्यावर आज भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी ते पान उघडलेले नाही. कपाटांची कुलुपे आपण लावलेली आहेत; किल्ल्याही आपल्याच खिशात आहेत.