पगार कमी म्हणजे आपण कमी?

नोकरीचं पहिलं-दुसरं वर्ष. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी नवं पॅकेज टाकतं आणि आपली झोप उडते. मित्रांनो, स्वतःची लायकी काढण्याआधी सिलिकॉन व्हॅलीतला हा इतिहास वाचा.

2005 च्या सुमारास अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी अशा बड्या कंपन्यांत समझोते झाले: एकमेकांच्या माणसांना नोकरीसाठी आपणहून फोन करायचा नाही. बाहेरून विचारणा झाली की पगार वाढतो, निदान बाजारभाव तरी कळतो. तीच वाट बंद!

2007 मध्ये गूगलच्या एका रिक्रूटरने अ‍ॅपलच्या इंजिनिअरशी संपर्क साधला. स्टीव्ह जॉब्ज यांनी थेट एरिक श्मिट यांच्याकडे तक्रार केली. रिक्रूटरची नोकरी गेली. ही बातमी जॉब्ज यांनी आपल्या एचआरला पुढे पाठवली, सोबत फक्त एक स्माइली.

2010 मध्ये अमेरिकी न्याय खात्याने हे प्रकार थांबवले. मग सुमारे 64,000 कर्मचाऱ्यांचा दावा उभा राहिला. 32.45 कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीश ल्यूसी को यांनी अपुरी म्हणून नाकारली. 2015 मध्ये 41.5 कोटींवर प्रकरण मिटलं. माणशी साधारण साडेसहा हजार डॉलर, तेही वकिलांची फी वजा होण्याआधी.

ही माणसं काही कच्ची नव्हती. आपला भाव कुठे अडलाय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पगार नुसत्या हुशारीवर ठरत नाही. कोणाला किती माहिती आहे, यावरही ठरतो.

म्हणून शेजारच्या डेस्कवरच्याला पगार विचारा, आपलाही सांगा. लाज कसली त्यात?