एका चौकटीत किती चित्रं?

आजचा विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. वेबपानावरच्या एकाच चौकटीमागे एकापेक्षा जास्त चित्रं, एकावर एक, कशी ठेवायची? आज त्यासाठी सीएसएसची एक ओळ पुरते. पण त्या ओळीपर्यंत पोहोचायला पंधराएक वर्षं लागली. त्या काळात लोकांनी काय काय केलं हे पाहिलं, की मजकूर आणि सजावट यांच्या नात्याचा एक जुना प्रश्न समोर येतो.

सुरुवात १९९४ सालची. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या होकुन व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबरला एक प्रस्ताव मांडला. पानावरचा मजकूर एकीकडे लिहावा आणि तो दिसावा कसा, याचे नियम दुसरीकडे. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असं सांगायचं काम एचटीएमएलचं. रंग, अंतर, अक्षराचा आकार हे काम सीएसएसचं. सीएसएसच्या लेखी पानावरचा प्रत्येक घटक म्हणजे एक चौकट. त्या चौकटीला पार्श्वचित्र देता येई, पण एकच.

आता तुम्ही म्हणाल, एक चित्र पुरे की! भिंतीला कागद लावल्यासारखं तेच चित्र पानभर पसरवायचं असेल तर पुरे. पण छपाईच्या जगातून आलेल्या मंडळींना गोल कोपऱ्यांच्या, सावली पडलेल्या चौकटी हव्या होत्या. कागदाचं माप ठरलेलं असतं, वेबपानाचं नसतं. मजकूर वाढला, वाचकाने अक्षरं मोठी केली, की चौकट ताणली जाते. मग चार कोपऱ्यांना चार सुटी चित्रं लागतात, आणि नियम तर म्हणतो एकच.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला इथे न्याय-वैशेषिकांचा एक वाद आठवतो. त्यांच्या मते रंग हा गुण ज्या द्रव्यात राहतो ते द्रव्य पूर्ण व्यापतो. मग रंगीबेरंगी धाग्यांनी विणलेल्या कापडाचा रंग कोणता? एका कापडात दोन रंग कसे राहणार? यावर तोड म्हणून त्यांनी 'चित्ररूप' नावाचा एक वेगळाच, मिश्र असा एक रंग मानला. नंतर काही नव्य-नैयायिकांनी हे नाकारलं. एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे रंग सुखाने राहू शकतात, असं ते म्हणाले.

वेबवाल्यांनी हा वाद वाचला असण्याची शक्यता कमीच! पण त्यांची पहिली युक्ती चित्ररूपाचीच होती. सगळे थर फोटोशॉपमध्ये एकत्र करून एकच सपाट चित्र बनवायचं. चौकट ताणली गेली की ते उघडं पडे. दुसरी युक्ती अशी, की एका पेटीला एक चित्र मिळतं ना, मग पेट्याच वाढवा. ऑक्टोबर २००३ मध्ये डग्लस बोमन यांनी 'स्लायडिंग डोअर्स' ही पद्धत मांडली. यादीतल्या घटकाला एक चित्र, त्याच्या आतल्या दुव्याला दुसरं, आणि दोन्ही सरकत्या दारांसारखी एकमेकांवर सरकणार. यात चातुर्य होतं, कारण यादी आणि दुवा हे दोन्ही घटक तिथे खरोखरच हवे होते. पण चार कोपऱ्यांसाठी लोक एकात एक अशा चार पेट्या घालू लागले. त्यांना अर्थ काहीच नाही, फक्त चित्र धरून उभ्या राहायच्या. आपल्याकडे याला गौरवदोष म्हणतात. गुण ठेवायला जागा हवी म्हणून द्रव्यच कल्पायचं!

यात बिघडलं काय? स्क्रीन-रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला त्या रिकाम्या पेट्या ऐकू येत नाहीत, हे खरं. पण सजावट बदलायची म्हटलं की पुन्हा मजकुराच्या फाइलींना हात लावावा लागे. म्हणजे १९९४ चं मूळ वचनच मोडलं. याहून मोठा धोका म्हणजे मजकूरच चित्रात जाणं. देवनागरी अक्षरं नीट दिसण्याची खात्री नव्हती त्या दिवसांत मराठी पानांवरही शीर्षकं चित्र करून लावली जात. डोळ्यांना ती अक्षरं होती. शोधयंत्राला आणि अंध वाचकाला तिथे काहीच नव्हतं.

उपाय आला तो साधा. चित्रांची नावं स्वल्पविराम देऊन लिहायची. सफारीने हे २००५ च्या सुमारास करून दाखवलं. जानेवारी २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६, त्याच वर्षी ऑपेरा १०.५, आणि मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ यांत ते आलं. क्रम मात्र लक्षात ठेवा. पहिलं लिहिलेलं चित्र सर्वांत वर, वाचकाच्या जवळ. शेवटचं सर्वांत खाली. आणि त्याच्याही खाली रंग, तो एकच. चित्रकार आधी मागचं आकाश रंगवतो, मग पुढचं झाड. इथे उलटं आहे, यादी पाहणाऱ्याच्या बाजूने सुरू होते. जुन्या ब्राउझरला अशी ओळ कळत नसे. तो ती सोडून देई. म्हणून आधी एका चित्राची ओळ आणि तिच्याखाली अनेक चित्रांची ओळ लिहीत. जुना वाचक पहिलीवर थांबे, नवा दुसरी घेई. कुणी उपाशी राहत नसे.

गंमत बघा. ज्या गोल कोपऱ्यांसाठी एवढा खटाटोप झाला, ते कोपरे त्याच मसुद्यातल्या दुसऱ्या नियमाने, कोणत्याही चित्राविना मिळाले. तरीही बहुचित्रांचा नियम वाया गेला नाही. फोटोवर काळसर छटेचा थर टाकून वरची अक्षरं वाचनीय करणं, हा त्याचा आजचा नित्याचा उपयोग आहे.

माझ्या मते या इतिहासाचं सार एवढंच, की सजावटीला तिची स्वतःची जागा मिळाली तेव्हा मजकूर मोकळा झाला. तुम्ही पान बनवत असाल तर एक परीक्षा करा. सगळी पार्श्वचित्रं काढून टाका. जे उरेल ते वाचून सांगण्यासारखं सगळं सांगून होतं का? होत असेल तर खुशाल दहा थर चढवा. मात्र तळाशी रंग द्यायला विसरू नका, कारण चित्र न पोहोचल्यास पांढऱ्यावर पांढरी अक्षरं कोणालाच वाचता येत नाहीत.

आता प्रश्न घेऊ या.