अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील रिकामी जागा

डॉ. आनंदीबाई जोशी मराठी वाचकाला माहीत असतात त्या काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आणि श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीमुळे. गोपाळरावांचा हट्ट, १८८३ सालचे समुद्रपर्यटन, फिलाडेल्फियाची पदवी आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात आलेला मृत्यू अशा क्रमाने ही कथा आपल्या मनात ठसलेली आहे. वर्गात शिकवतानाही आपण मृत्यूपाशीच थांबतो. या कथेतील कोल्हापूर मात्र दुर्लक्षित राहते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक केली. हेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सीपीआर’. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई निवर्तल्या आणि त्या जागेवर रुजू होणे राहूनच गेले. अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथील व्याख्यानात त्यांनी आपल्या जाण्याचे कारण सांगितले होते. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, हे ते कारण. पुरुष वैद्याला नाडी दाखविण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे बरे, असे मानणाऱ्या त्या काळात हुपरी-कागलसारख्या गावांतील बाळंतिणीच्या दृष्टीने ही नेमणूक म्हणजे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. आनंदीबाईंचा मृत्यू जसा एका असामान्य स्त्रीचा अंत, तसा तो या अनाम स्त्रियांना मिळता मिळता हुकलेला उपचारही होय.

पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर या रुग्णालयात आल्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या कृष्णाबाईंना महाराजांनी उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठविले. त्या परतल्या आणि कोल्हापुरातच त्यांनी रुग्णसेवा केली. या दोन्ही उदाहरणांत शिक्षण पूर्ण मोलाचे होते आणि परत येण्यासाठी मानाची जागाही होती, हे ध्यानात घ्यायला हवे.

हुपरीच्या एका अंगाला कोल्हापूर, तर दुसऱ्या अंगाला मिरज. मिरजेने वेगळा मार्ग धरला. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले आणि पुढे स्थानिक तरुणांना तेथेच वैद्यकाचे व परिचर्येचे शिक्षण देण्यास आरंभ केला. देशभरातही पदवीधरांपेक्षा कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले ‘लायसेन्शिएट’ डॉक्टरच बहुसंख्य होते. १९४६ च्या भोर समितीने नोंदणीकृत डॉक्टर मोजले, तेव्हा ४७,५२४ पैकी २९,८७० लायसेन्शिएट निघाले. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, अशी तेव्हाची स्थिती होती. तरीही समितीच्या बहुमताने एकाच प्रकारचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा, असे ठरविले आणि लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद होत गेले. समितीतील काही सदस्यांना हे मान्य नव्हते.

हा जुना वाद आज आफ्रिकेत पुन्हा उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालात आरोग्य कर्मचाऱ्यांचा गंभीर तुटवडा असलेले ५७ देश नोंदले आहेत. त्यांतील ३६ सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते. जगाच्या रोगभारापैकी २४ टक्के भार संघटनेच्या आफ्रिका विभागावर होता आणि त्याच्या वाट्याला जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी अवघे ३ टक्के आले होते. मलावी, घाना, झिंबाब्वे येथे शिकलेल्या परिचारिका ब्रिटनमधील रुग्णालयांत जात राहिल्या. २०१० साली संघटनेने अशा भरतीविषयी आचारसंहिता केली खरी, पण ती ऐच्छिक आहे.

मोझांबिकने मिरजेच्या जवळची वाट निवडली. १९७५ साली स्वातंत्र्य मिळताच बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले होते. १९८४ पासून त्या देशाने डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे शिक्षण दिले. जिल्हा रुग्णालयांतील सिझेरियन शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हातून होऊ लागल्या आणि वर्षे लोटली तरी त्यांतील बहुसंख्य तेथेच टिकले. त्यांचे प्रमाणपत्र परदेशी चालत नाही, हे त्यामागील एक कारण.

येथे आमच्या मनात प्रश्न उभा राहतो. माणसाच्या हाती बाहेर न चालणारा कागद देऊन त्याला गावात टिकविणे कितपत न्याय्य? रुग्णाचा जीव वाचतो, म्हणून ही युक्ती टाकाऊ ठरत नाही. परंतु तिची किंमत बहुधा गरीब घरातील विद्यार्थीच मोजतो. भोर समितीच्या बहुमतामागे समान दर्जाचा आग्रह होता, तोही क्षुल्लक नव्हे. मात्र पदवी पूर्ण देऊन खेड्यात परतण्याजोगी जागाच निर्माण केली नाही, तर तो आग्रह शहरांच्या आणि परदेशाच्याच पथ्यावर पडतो.

हुपरीचा चांदीचा धंदा या बाबतीत बोलका आहे. चांदी बाहेरून येते, दागिने घडून देशभरच्या पेठांत जातात. पण घडणावळ गावात राहते. मलावीची परिचारिका लंडनला जाते, तेव्हा तिला घडविण्याचा खर्च गरीब देशाने केलेला असतो आणि त्याची घडणावळ त्याला कोणी देत नाही. ती स्वतः घरी पैसे पाठवत असेल, तिने जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोष द्यायचा तर तयार माणूस फुकट उचलणाऱ्या व्यवस्थेला द्यावा लागेल. आणि मागे रिकाम्या राहिलेल्या जागेला पुरेसे वेतन, औषधे व सोबतीची माणसे न पुरविणाऱ्या राज्यकर्त्यांनाही.

म्हणूनच आनंदीबाईंचे चरित्र शिकवताना कोल्हापूरची नेमणूकही शिकवली जावी, असे आम्हांस वाटते. शिकून गेलेली व्यक्ती परत का येत नाही, हे आपण नेहमी विचारतो. ती परत यावी म्हणून एका संस्थानाने १८८६ साली काय केले होते, हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे.