व्हेसूव्हियसची दोरगाडी

जागृत ज्वालामुखीच्या माथ्याकडे आगगाडी न्यावी, हे धाडस म्हणावे की वेडेपण, याचा निवाडा आम्ही श्रोत्यांवर सोपवितो. इटलीत नेपल्सजवळच्या व्हेसूव्हियस पर्वतावर अशी गाडी जून १८८० मध्ये सुरू झाली. ‘व्हेसूव्हियो’ आणि ‘एट्ना’ हे तिचे दोन डबे दोरांनी जोडलेले; एक उतरे तेव्हा दुसरा चढे. वजनास वजन तोलले जाई, आणि खालच्या स्टेशनातील वाफेच्या यंत्राला राहिलेला भार तेवढा ओढावा लागे.

त्याच वर्षी या गाडीवर पेप्पिनो तुर्को याने गीत लिहिले, लुइजी देन्झाने त्यास चाल दिली. गाणे जगभर गेले. स्ट्राउससारखा जर्मन संगीतकारही त्याला लोकगीत समजून फसला!

परंतु जे वाटाडे आजवर प्रवाशांना वर नेत, प्रसंगी खुर्चीत बसवून खांद्यावरून वाहत, त्यांच्या पोटावर पाय आला. पुढे गाडी टॉमस कुकच्या कंपनीकडे गेली, तेव्हा तंटा विकोपास गेला. वाटाड्यांनी स्टेशन जाळले, दोर तोडले, एक डबा खाली लोटून दिला. अखेर कंपनीला तडजोड करावी लागली. गाण्याच्या कौतुकात हा प्रसंग झाकला जातो. आम्हांस तोच अधिक मोलाचा वाटतो.

एप्रिल १९०६ च्या उद्रेकात गाडी उद्ध्वस्त झाली, ती पुन्हा उभारली. मार्च १९४४ मध्ये, इटलीत महायुद्ध चालू असता, पर्वत पुन्हा भडकला आणि मार्ग नष्ट झाला. त्यानंतर ते डबे चढले नाहीत.